प्लसवाल्या बाई

मुलुंडला एका छोट्या गाळ्यात जुन्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या एक बाई बसतात. आई गेल्यावर तिचं चालतंबोलतं रूप एकाच डिस्कवर उरलं होतं, ताईच्या हळदीच्या. ती घरच्या प्लेअरवर चालेना, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

बाईंनी डिस्क पदराने हलकेच पुसली आणि वरची खूण वाचून खुदकन हसल्या. "प्लस आहे ही. तुमच्या जुन्या प्लेअरला मायनसच लागते. तेव्हा कोऱ्या डिस्कच्या या दोन जाती होत्या ना. मी प्लसवाली, आमचे हे मायनसवाले. जेवतानासुद्धा भांडायचो."

"मग जिंकलं कोण?"

"कोणीच नाही. दोन्ही वाचणारे प्लेअर आले."

मागे स्टुलावर बसलेले त्यांचे यजमान पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "चित्र मायनसचंच भारी यायचं."

तेवढ्यात बाईंनी लावलेली डिस्क सुरू झाली आणि पडद्यावर आई आली. गालाला हळद, आणि हसू आवरत नव्हतं. माझे डोळे भरले.

यजमानांनी पेपर खाली ठेवला. "प्लसवर पण झकास आलंय गं," ते म्हणाले.

बाई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांनी जिंकूनही त्यांनी फक्त माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.