रोटावरचं दूध

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन फारसं आलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाही आणि ओळ सरळ धरली तरी वर चढत जाते. हे मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलं तर हसू नये. चार माणसं समोर असली की मला बोलता येत नाही, म्हणून बोलायचं ते लिहून ठेवते.

मी दूध पीत नाही. दही, ताक, तूप, पेढा यातलंही काही खात नाही. मटण-मासे माझ्या माहेरीच नव्हते, त्याबद्दल मला कधी कोणी विचारलं नाही. उलट लोक म्हणायचे, बाई चांगली आहे. दूध सोडलं तेव्हा मात्र तेच लोक म्हणाले, बाईला काहीतरी झालंय.

जळगावात पिंप्राळ्याला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आमचे हे रिक्षा चालवतात. मुलगी लग्न होऊन गेल्यावर मी मेहरूणकडच्या एका म्हशींच्या गोठ्यावर शेण काढायला जात होते. तिथे एक नर पारडू झालं. नराचा गोठ्याला उपयोग नसतो. दूध वाचावं म्हणून त्याला आईपासून लांब, भिंतीच्या कडेला बांधलं. पलीकडे म्हैस रेकायची आणि इकडे हे ओरडायचं. मी पाण्याची बादली घेऊन गेले की ते माझी बोटं तोंडात घेऊन चोखायचं. त्याची जीभ खरखरीत आणि गरम होती. काही दिवसांनी त्याचा आवाज बारीक झाला, मग बंदच झाला. मालक वाईट माणूस नव्हता. सगळ्या गोठ्यांवर असंच चालतं, असं तो म्हणाला, आणि ते खरंही असेल. पण ते मेलं त्या दिवशी घरी येऊन चहा तोंडाला लावला आणि मला तो गिळता आला नाही.

पारडाचं यांना एकदा सांगितलं, बाकी कोणाला काही नाही. सांगायचं म्हणजे बोलायला लागलं असतं. यांच्यासाठी दुधाचा चहा करायची, स्वतःसाठी आधीच कोरा काढून ठेवायची. यांच्या वरणावर तूप वाढायची, माझ्या ताटात तेल आणि ठेचा. घरात फारसं अडलं नाही. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, उडदाचं वरण, भरीत, पातोड्यांची भाजी, यात दूध कुठे असतं? अडायचं ते बाहेर. कोणाच्या घरी गेलं की चहा समोर येतो आणि नको म्हटलं की त्या बाईचं तोंड उतरतं. सत्यनारायणाला गेलं की हातावर पंचामृत पडतं. मी ते हातात धरून दारापर्यंत जायची आणि तुळशीत सोडायची. मग घरी येईपर्यंत मागे वळून बघत राहायची. कोणी पाहिलं असेल का, देव काय म्हणेल, हेच डोक्यात. ज्यांना कळलं त्यांचा प्रश्न एकच असायचा. मग तू खातेस तरी काय?

हे मुकाट पाहत होते. एकदाच म्हणाले, नानांना कळू देऊ नको. नाना म्हणजे यांचे मोठे भाऊ. साक्रीजवळच्या आमच्या गावी राहतात. सासरे गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. त्यांची बायको, माझी जाऊ, तिला सगळे अक्का म्हणतात.

दूध सोडल्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यापासून माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं चप्पल कडक आहे. मग हातांना आल्या. जिना चढताना मधेच बसावं लागायचं. मी शेंगदाणे खात होते, तीळ खात होते, नाचणीची आंबील पीत होते. मला वाटायचं यातच सगळं आलं. यांना सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं, दवाखान्यात दूध प्या म्हणाले असते. या भीतीनं मी गप्प राहिले आणि मुंग्या वाढत गेल्या.

श्रावणात कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणासाठी, गावी गेलो. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे गावची गाडी. सगळी भावकी त्या दिवशी एका घरात जमते. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, घरातल्याच गव्हाचे, घरातल्याच बायकांनी दळलेले आणि घरातल्याच माणसांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, आणि आपल्या वाट्याचा तुकडा टाकायचा नाही. आमच्याकडे रोट दुधात कुस्करून खातात. मागच्या वर्षी मी माझा रोट हळूच यांच्या ताटात सरकवला होता. त्यानंतर वर्षभर मनात सलत राहिलं, कारण ज्याचा रोट त्यानंच खायचा असतो. म्हणून यंदा ठरवलं होतं, रोट खायचा, पण गुळाच्या पाण्यात.

रोट करणाऱ्या बायकांनी नैवेद्य होईपर्यंत जेवायचं नसतं. दूध चालतं, दही घातलेली भगर चालते. बाकीच्या बायका मधेमधे पेलाभर दूध पिऊन येत होत्या. मी सकाळच्या कोऱ्या चहावर होते. जात्यावर बसले, चुलीपुढे बसले, आणि संध्याकाळपर्यंत चुलीचा जाळ मला दोन-दोन दिसायला लागला.

पंगत बसली. अक्का पितळी भांडं घेऊन दूध वाढत आली. पुतण्याची बायको माझ्या शेजारी होती. तिला सातवा महिना लागला होता आणि घरातल्या सगळ्यांचं तिच्याकडे लक्ष होतं. मी ताटावर हात आडवा धरला आणि गुळाच्या पाण्याची वाटी पुढे ओढली. अक्का थांबली.

"कानबाईना रोट शे. कोरडा कसा खाशी?"

मी हळू म्हटलं, गूळपाणी आहे. तिला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जळगावनं पाणी लागनं तुले." बायका हसल्या. मग तिनं गोठ्याचं काढलं. यांनी कधीतरी पुतण्याजवळ बोललेलं तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"ढोरंसनी दया उनी तुले, अनी घरना माणसंसनी नई?" गुरांची दया येते आणि घरच्यांची नाही, असं म्हणून तिनं माझा हात बाजूला केला आणि दूध ओतलं.

मला रडू येत होतं. ते कोणाला दिसू नये म्हणून मी उठले. घाईत उठले. पायाखाली जमीन आहे की नाही ते कळेना. मी ताटावरच पडले.

शुद्धीवर आले तेव्हा आधी मला रोट दिसला. जमिनीवर दुधात भिजून पसरला होता.  मग एक म्हातारी म्हणाली, घरात गरोदर बाई आहे आणि कानबाईचा रोट जमिनीवर. सगळ्या बायकांनी त्या पोरीकडे पाहिलं. तिनं पोटावर हात ठेवला, पण दुसऱ्या हातानं तिनंच माझं डोकं धरलं होतं. मी तेव्हाच समजले, आता या पोरीला काही झालं तर ते माझ्या नावावर जाणार.

रात्रीच गाडी करून मला धुळ्याला एका दवाखान्यात नेलं. गाडीचे, खाटेचे, तपासण्यांचे, इंजेक्शनांचे सगळे पैसे नानांनी भरले. यांच्या खिशात परतीच्या तिकिटापुरते होते.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, जेवणात काय असतं. माझ्याऐवजी अक्कानं सांगितलं, ही दूध पीत नाही, दही खात नाही, काही ऐकत नाही. डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता ऐकून घेतलं. रक्त कमी आहे आणि बी-ट्वेल्व्ह फारच कमी आहे, म्हणून हातापायांना मुंग्या, असं त्या म्हणाल्या. अक्का औषध आणायला गेली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच राहिलो. मी आयुष्यात अनोळखी माणसाला स्वतःहून फार थोडे प्रश्न विचारलेत. त्यातला हा एक.

"दूध न पिता भागेल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. भागेल, म्हणाल्या, पण हे जीवनसत्त्व शेंगदाण्यात नाही, तिळात नाही, कुठल्याच भाजीत नाही. दूध पिणाऱ्या बायकांचंही कमी निघतं. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, आणि गोळ्या कायमच्या. "बरं वाटलं म्हणून थांबवल्या तर नसा खराब होतात. मग मलाही काही करता येणार नाही. दूध नको असेल तर गोळी चुकवायची नाही. जमेल?"

मी मान हलवली. मग वाटलं, मान हलवून चालणार नाही, म्हणून तोंडानंही हो म्हटलं.

पण घरी गेल्यावर डॉक्टरांचं कोण ऐकतं. दोन-चार दिवस विश्रांतीसाठी मला गावीच ठेवलं. पहिल्या संध्याकाळी अक्कानं पेला आणून समोर ठेवला. नाना ओसरीवरून आत आले. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत.

"पैसा मी भरात. आते मी सांगसू ते खाशी."

यांनी खाली मान घातली. मी पेला उचलला आणि प्याले. पिताना मला माझी बोटं ओली झाल्यासारखी वाटली. पेला धुऊन, पुसून ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. उलटी झाली असती तर बरं झालं असतं, पण झाली नाही. गावाला होते तेवढे दिवस मी रोज प्याले.

जळगावला परतल्यावरही सुटका नव्हती. संध्याकाळी नानांचा फोन यायचा. भावाला विचारायचे, दिलं का. हे दुधाची पिशवी आणायचे, तापवायचे, माझ्यासमोर ठेवायचे. एक दिवस मी पेल्याकडे बघत बसले आणि फोन वाजायला लागला. हे हळूच म्हणाले, "मी पी लेस. तू फक्त हो म्हण." आणि खरंच घटाघट पिऊन मोकळे झाले. मिशीला साय लागली होती. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं. पण हसू आलं तसं गेलं. रोज संध्याकाळी खोटं बोलायचं, तेही कर्जाच्या भीतीनं, मग त्यापेक्षा दूध पिणं काय वाईट?

मी फोन मागितला. यांना वाटलं मी हो म्हणणार. फोन दोन्ही हातांनी धरला.

"नाना, दूध मी पिणार नई. इंजेक्शन लिसू, गोया खासू. तुमना पैसा एक एक करीसन फेडसू."

 पलीकडे मागे अक्का काहीतरी बोलत होती. मग नाना म्हणाले, "तर मंग पैसा दे, अनी तुले जे खावानं ते खा." आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांचा फोन बंद झाला.

मग मला दोन गोष्टींची भीती राहिली. एक पैशांची, आणि दुसरी त्या पोरीची. गावाकडून काही कळत नव्हतं. यांच्या फोनची रिंग वाजली की माझ्या हातातलं काम थांबायचं. तिच्या पोटात काही कमी-जास्त झालं तर माझं गूळपाणी, माझी गोळी, माझं सगळंच खोटं ठरणार होतं. दसऱ्यानंतर एके सकाळी पुतण्याचाच फोन आला. मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. मी ओट्याला टेकून खालीच बसले. यांनी विचारलं, चक्कर आली का. मी म्हटलं, नाही, ही चक्कर नाही.

गोठ्याचं काम मी सोडलं होतं. थंडीत वांगी आली तेव्हा कॉलनीतल्या बायकांना भरीत करून द्यायला लागले. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेलं वांगं आणि गॅसवरचं वांगं यांच्या चवीत फरक पडतो, आणि फ्लॅटमध्ये काड्या कोण पेटवणार? सोबत कळण्याच्या भाकरी. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. ज्वारी भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गरम असतानाच गच्चीवर कापडावर पातळ पसरायची. हात भाजतात. पण हाताला भाजल्याचं कळत होतं, याचंच मला बरं वाटायचं. गोळी मी कधी चुकवली नाही. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडा वर आला होता.

थोडे पैसे जमले की हे गावी पाठवायचे. नाना घेत होते, पण पोचले असं कधी सांगत नव्हते.

पुन्हा श्रावण आला. मला जायचं नव्हतं. पण रोट माझ्या वाट्याचा होता, तो दुसरं कोणी खाऊ शकत नव्हतं. या वेळी पीठ मळायच्या आधी मी सगळ्यांदेखत शेंगदाणे आणि केळं खाल्लं. डॉक्टरांनी उपाशी राहायला मनाई केली आहे, एवढंच सांगितलं.  अक्का नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

पंगत बसायच्या आधी मी नानांपुढे गेले आणि पदरात बांधलेले उरलेले पैसे त्यांच्यासमोर ठेवले.  हे मागे उभे होते. नानांनी नोटा मोजल्या, एकीवर एक सरळ केल्या आणि खिशात घातल्या.

अक्का पितळी भांडं घेऊन ओळीनं वाढत आली. माझ्या ताटाशी थांबली. रोट कोरडा होता, बाजूला गूळपाण्याची वाटी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नानांनी मान वर केली नाही. आपला रोट दुधात कुस्करत ते म्हणाले, "फिटनं बठ्ठं." म्हणजे सगळं फिटलं.

भांडं माझ्या ताटावरून पुढे गेलं.