शितलाची यशोधरा झाली तेव्हा

माझ्याआधी मायची दोन लेकरं देवीच्या साथीत गेली होती. आमच्याकडे त्या रोगालाही देवीच म्हणत आणि तो धाडणारीलाही. म्हणून मी पोटात असताना मायनं मातामायच्या, म्हणजे त्या देवीच्या, ओट्यावर डोकं टेकून कबूल केलं की, मुलगी झाली तर तुझंच नाव ठेवीन. मी झाले आणि माझं नाव शितला पडलं.

वडनेरपासून दोन कोसांवर आमचं गाव. छप्पनच्या दसऱ्याला बा नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. आठवडाभरात मोहल्ल्यातल्या माणसांनी ओट्यावरचे शेंदूर फासलेले गोटे टोपल्यात भरले आणि नदीत सोडले. त्या दिवशी माय घराबाहेर आली नाही.

मग बा मला घेऊन शाळेत गेला. मास्तरांना म्हणाला, "हिचं नाव यशोधरा लिवा."

"काऊन? आहे ते वाईट आहे का?"

"ते भेवाचं नाव हाये, गुरुजी. भेवापोटी ठेवलं होतं."

मास्तरांनी जुन्या नावावर रेघ मारली. वर्गात त्यांनी नव्या नावाची गोष्ट सांगितली. यशोधरा राणी होती, बुद्धाची बायको. ती आणि तिचं तान्हं लेकरू झोपलेलं असताना तो घर सोडून गेला. मी घरी येऊन ती गोष्ट जशीच्या तशी मायला सांगितली. माय भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव देल्लं माह्या पोरीले?"

बा म्हणाला, "सीतेले रामानं रानात सोडलं. तरी घरोघर सीता हायेच ना? अन् ही तर राणी होती. पोरगं सांभाळलं तिनं एकटीनं."

"मले राणी नाई पायजे. मले जितं लेकरू पायजे."

"ते दोघं गेले तवा कुठं गेलती तुही मातामाय?"

मायनं भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर तिनं मला यशोधरा अशी हाक कधीच मारली नाही, आणि बा घरात असला की शितलाही म्हणत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पुन्हा साथ आली. माझी धाकटी बहीण तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तोंडभर फोड उठले. देवीची लस टोचणारा माणूस आमच्या मोहल्ल्यात पोचला, पण तोवर उशीर झाला होता. माय तिच्यावर कडुलिंबाच्या डहाळ्या फिरवत बसे. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुह्या नावानं राखलं होतं मातामायनं हे घर. तेच नाव पुसलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

मी आठ वर्षांची होते. शाळेत हजेरीला यशोधरा म्हटलं की मी रोज 'हजर' म्हणत आले होते. बहीण त्यामुळेच मरणार, अशी माझी खात्री झाली. शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून मी भर उन्हात मास्तरांच्या घरी गेले.

"गुरुजी, माहं जुनं नाव लिवून द्या."

त्यांनी मला पाणी दिलं. "बापाले घेऊन येजो," एवढंच म्हणाले.

मी परत आले तेव्हा बा उंबऱ्यात बसला होता, बहीण त्याच्या मांडीवर होती. तिचे डोळे चिकटले होते आणि ती रडतही नव्हती. मला बघताच तो घाईनं म्हणाला, "शितले, पानी आन व!"

आतून माय बाहेर आली. बाच्याही ध्यानात आलं तो काय बोलून गेला ते. त्यानं मान खाली घातली. मी गडवा भरून आणला. त्यानं धोतराच्या कोपऱ्यानं बहिणीचे डोळे पुसले आणि पुसता पुसता रडायला लागला. बाला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

बहीण वाचली, पण तिचा डावा डोळा गेला. माय म्हणायची, देवीनं दयेनं एकच डोळा नेला. बा म्हणायचा, टोचणारा आठ दिवस आधी आला असता तर दोन्ही राहिले असते. यावर दोघं भांडले नाहीत. एकमेकांचं ऐकून घेत आणि आपापल्या कामाला लागत.

शाळा सुरू व्हायच्या आधी बानं मला जवळ बसवून विचारलं, "तुले कोनतं नाव राखाचं, सांग. तू म्हनशीन ते."

माय चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही, पण ती ऐकत होती, हे मला कळत होतं. बहीण माझ्या पायाशी खेळत होती. एक नाव घेतलं असतं तर माय दुखावली असती, दुसरं घेतलं असतं तर बा. मी बहिणीला मांडीवर घेतलं. शेवटी म्हणाले, "मले नाई माहीत."

बा उठून बाहेर गेला. शाळेत यशोधरा तशीच राहिली.