पेडलवरचा पाय

आमची जीप म्हातारी आणि माझा नवरा तापट. दोघांपैकी कुणाचंही बिघडलं की हाक मलाच यायची. बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून कापूस वेचणाऱ्या बायकांना तो रोज सकाळी नेरच्या बाजूच्या शेतांवर सोडायचा. चौदा बायका, त्यांत माझी सासूही. आमचा कापूस वेचून झाला तरी ती घरी बसणारी बाई नव्हती. नवऱ्याला जीपचं सगळं काम स्वतः करायची हौस होती. गॅरेजात गाडी नेली की आपलं नाक कापलं गेलं, असं त्याला वाटायचं.

त्या हिवाळ्यात मागचं डावं चाक आतून ओलं दिसायला लागलं. चाकाच्या लोखंडी ड्रमच्या आत एक छोटं सिलिंडर असतं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल त्यात शिरतं, दोन्ही टोकांचे पिस्टन बाहेर सरकतात, लायनर ड्रमला घासतात आणि गाडी थांबते. पिस्टनवरच्या रबराच्या वाट्या खराब झाल्या की ऑइल बाहेर झिरपतं. त्याने नवे रबर आणले. दुकानदाराने बजावलं होतं की हे रबर ब्रेक ऑइलनेच धुवा. याने ते पेट्रोलात खळखळून काढले, का तर पेट्रोल 'कडक' असतं. सिलिंडर आतून पॉलिश पेपरने घासलं आणि मला उजेडाकडे धरून दाखवलं. आत बारीक बारीक खड्डे होते. कीड लागलेली ज्वारी जशी दिसते तसे.

"यात तं खड्डे हायेत अजी," मी म्हटलं.

"तू सैपाक पाह्य," तो म्हणाला.

मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची वेळ आली. हे काम एकट्याने होत नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवर, तो चाकामागे, डोकं बॉडीखाली घालून. त्याने म्हटलं की मी तीनदा पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. मग तो सिलिंडरचं हवा सोडायचं निप्पल सैल करणार, बुडबुड्यांसकट ऑइल नळीतून बाटलीत येणार, तो निप्पल आवळणार आणि त्यानंतरच मी पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा उलटी आत शिरते. मला हे चांगलं ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून मी दुसरं केलं काय होतं?

पण त्या दिवशी निप्पल बंद असतानाही पेडल माझ्या पायाखाली सावकाश उतरत होतं. मी दाबून धरलेलं, आणि ते आपलं खाली, खाली. मी तसं सांगितलं. तो बॉडीखालून निघाला, गाडीला वळसा घालून आला आणि माझ्या कानाखाली काढली. जीपला दार नव्हतंच.

"पाय काहून सोडला?"

"नाई सोडला. पेडल आपोआप खाली चाललं."

"आपोआप! तुया पायच ढिला हाये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकांना गावात परत घेऊन आला, जीप पुन्हा जॅकवर चढवली आणि पुन्हा तेच. पेडल उतरलं. या वेळी त्याने झिंज्या धरून मला सीटवरून खाली ओढलं, अंगणात दोन लाथा घातल्या आणि परत वर बसवलं. ओसरीवर सासू तुरीची डाळ निवडत होती. ती म्हणाली, "नीट दाबत जाय ना वं. कायले मार खातं?" तिच्या बोलण्याने मला लाथांपेक्षा जास्त लागलं. तो परत बॉडीखाली गेला तेव्हा त्याची मान चाकाच्या रिकाम्या जागेखाली होती आणि जॅक तेवढा एकच. खाली उतरून जॅकला एक लाथ घातली असती तर पुरे होतं. मी ते नीट पाहिलं, नीट विचार केला. खोटं कशाला सांगू? मग पेडल दाबलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका परत आल्या त्या आपसात कुजबुजतच. बेंबळा नदीच्या पुलाआधीच्या उतारावर गाडी थांबता थांबता थांबली होती. नवऱ्याने जीप जॅकवर चढवली. चाक काढलं आणि मला हाक मारली. मी बसले. पेडल उतरलं, आणि मी उतरलं म्हणून सांगितलं. मला सांगावंच लागणार होतं. उद्या त्याच गाडीत चौदा जणी बसणार होत्या, आणि ते उतरणं माझ्या तळपायाशिवाय कुणालाच कळत नव्हतं.

"मंग तुमी बसा पेडलवर," मी म्हटलं. "मी खाली जातो. तुमच्याच पायाले पाहा."

मी त्याला शिकवते आहे, एवढंच त्याला ऐकू आलं. त्याच्या हातात नट फिरवायची टॉमी होती, हातभर लांब, भरीव लोखंडाची. त्याने पुढे येऊन ती माझ्या उजव्या पायावर मारली. पाय पेडलवरच होता. आधी आवाज ऐकला, मग कळ आली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा मी पाय वर घेतला होता, म्हणून ती पेडलवर बसली. माझी किंकाळी शेजारपाजारी सगळ्यांनी ऐकली असेल. आलं कुणी नाही. सासूने हळद गरम करून आणली आणि माझ्याकडे न बघता पायाला लावली.

सकाळी पाय सुजून काळानिळा झाला होता. मी ओसरीवर पडून होते. बायका डबे घेऊन अंगणात जमल्या आणि जीप अजून जॅकवरच. हवा काढल्याशिवाय निघता येत नव्हतं आणि माझा पाय त्यानेच निकामी केलेला. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि सासूला हाक मारली.

"माय, बस वर. मी सांगतो तसं दाबजो."

सासू लुगडं सावरून सीटवर चढली. तीनदा मारलं, धरलं. बायका बघत होत्या.

"बाबू, हे तं खाली चाललं रे."

"नीट दाब."

"दाबलं ना बाप्पा. दोन्ही पायानं दाबलं."

"निप्पल बंद हाये माय, खाली कसं जाईन?"

"जाऊन राह्यलं ना!"

तो बॉडीखालून बाहेर आला आणि बायकांकडे बघून हसला. "बुढीचे गुडघे गेले," म्हणाला.

सासू हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा. मग खाली उतरली. पुढच्या चाकाला लावलेल्या दगडावर तिने उजवा पाय ठेवला आणि लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं.

"घे टॉमी," ती म्हणाली. "मायाई पाय ढिला हाये. हान."

 तो म्हणाला, "माय, तमाशा नको करू." ती म्हणाली, "हान म्हणतो ना." त्याने टॉमी उचलली खरी. तोंड लाल झालं होतं. एक क्षण मला खरंच वाटलं की हा मारणार. मग त्याने ती जीपवर फेकली, मडगार्डला पोचा आला. ऑइलच्या डब्याला लाथ घातली, डबा तुळशीपर्यंत गडगडत गेला.

"चाक लावतो. बसा गाडीत," तो ओरडला. "एवढे दिवस चालली, आजबी चालते."

एकही बाई हलली नाही. सासू दगडावर तशीच पाय ठेवून उभी.

मी ओसरीवरून सरकत, एका पायावर भिंत धरत, गाडीपर्यंत गेले आणि खाली पडलेली टॉमी उचलली. तो दोन पावलं मागे सरला. ते बघून मला जे सुख झालं ते लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. पण मी त्याला मारलं नाही. मी ड्रमसमोर फतकल मारली आणि टॉमी ड्रमच्या कडेवर घातली. गंजलेला ड्रम एका घावात सुटत नसतो, कडेकडेने फिरत हाणावा लागतो. मी हाणत राहिले. तीन दिवसांचं सगळं त्या लोखंडावर काढलं. पायातून प्रत्येक घावाला कळ जात होती आणि मी शिव्या देत होते, माझ्या सात पिढ्यांनी तोंडात घेतल्या नसतील अशा.

ड्रम निसटून मातीत पडला. आत दोन्ही लायनर चिंब. मी सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखाने ओढली, तर ऑइलची धारच खाली पडली. आतली रबराची वाटी पेट्रोलाने फुगून वाकडी झाली होती.

"याच्यात बसून आपण तीन दिवस गेलो काय वं?" एक बाई म्हणाली.

नवरा वाकला, बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "सिलिंडर गेलं." जणू हे त्यालाच आत्ता सापडलं होतं.

बायकांची त्या दिवशीची वेचणी बुडाली, तरी एकही घरी गेली नाही. तो कुणाची तरी मोटारसायकल घेऊन गेला आणि दुपारी नवंकोरं सिलिंडर घेऊन आला. बसवलं. लायनर बदलले, ड्रम लावला. मग सवयीने माझ्याकडे बघून म्हणाला, "बस वर."

"तुमी बसा," मी म्हटलं. सासू दारात उभी होती. तो चढला.

त्यानंतर त्याने माझ्यावर हात उचललाच नाही असं मी लिहिणार नाही. पण त्या दुपारी पाना माझ्या हातात होता. दाबा, म्हटलं की तो दाबायचा, धरा म्हटलं की धरायचा. बाटलीत बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल आलं. मी निप्पल घट्ट आवळलं.

"आता धरा. उतरते काय?"

त्याने पेडलवर अंगाचा सगळा भार टाकून पाहिला. "नाई उतरत," म्हणाला शेवटी.

काम झालं होतं. मी निप्पलची टोपी लावली, पाना पुसला, नळी गुंडाळली. त्याचा पाय भरून आला होता, सीट करकरायला लागली होती.

"सोडू काय?" त्याने विचारलं.

मी ठेचलेला पाय मातीत लांब केला, पाठ चाकाच्या कमानीला टेकली आणि म्हटलं, "धरा."