काळूरामनं ते पत्र लिहिलं होतं

गेल्या महिन्यात एका दुपारी सुमनचा फोन आला. सुमन ही काळूरामची मुलगी, आश्रमशाळेत शिक्षिका आहे. म्हणाली, "काका, बाबा गेले. परवा. गडबडीत तुम्हाला कळवायचं राहून गेलं." मी नुसतं बरं म्हणालो. मग आपण विचारतो तसं विचारलं, की फार त्रास झाला का. ती म्हणाली, "त्रास असा नाही. पण शेवटचे आठ-दहा दिवस गोधडीवर बोटं आपटत राहायचे. टाइप केल्यासारखी. मग थांबून विचारायचे, 'गेलं का?' आम्ही म्हणायचो, गेलं बाबा. की परत पहिल्यापासून सुरू." ते काय टाइप करत होते हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. दोन नावांची एक यादी होती ती... सत्तेचाळीस वर्षं झाली, अजून पोचलेली नाही. ती का पोचली नाही हे त्या दिवशी जगात एकट्या मला माहीत होतं, आणि आता ते सांगितल्याशिवाय मला मरता येणार नाही म्हणून हे लिहितो आहे.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. लोणावळ्यात वळवणच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्यात आमचं छोटं संशोधन कार्यालय होतं. घाटमाथ्यावरच्या पावसाची मोजणी करून आकडे मुंबईला पाठवायचे, एवढंच काम. मी आंबीचा, विज्ञानाचा पदवीधर, घरी शेती, आणि कार्यालयात तांत्रिक सहायक म्हणून नवाच लागलो होतो. काळूराम वरच्या ठाकरवाडीतला. सातवीपर्यंत शिकलेला, डोंगरावरचं पर्जन्यमापक वाचून यायला रोजंदारीवर घेतलेला. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मी त्याला काळू म्हणायचो आणि तो मला भाऊ, तुमी असं बोलायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं. तिसऱ्या ताराबाई. विधवा बाई, झाडलोट करायच्या आणि चहा करायच्या. त्याही रोजंदारीवरच. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो.

मुंबईच्या मोठ्या संगणकाला आमचं कार्यालय टेलिफोनच्या तारेनं जोडलेलं होतं. आमच्याकडे होतं ते टाइपरायटरसारखं एक यंत्र. त्याला पडदा नव्हता, कागदाची गुंडाळी होती. आपण टाइप केलेलं आणि मुंबईहून आलेलं उत्तर, दोन्ही त्या कागदावर खडखडत उमटायचं. लाइन दुपारी तीन ते पाच मिळायची, शनिवार-रविवारी नाही. पहिले दोन महिने ते यंत्र मीच चालवलं. काळूराम मागे उभा राहून बघायचा. एकदा मी तापानं घरी राहिलो आणि परत आलो तर आकडे रोजच्या रोज गेलेले. त्यानंतर कार्यालयाच्या प्रमुखांनी, आमच्या साहेबांनी, ते काम त्यालाच दिलं. आकडे पाठवून झाले की तो खोलीला ऐकू जाईल असं विचारायचा, "गेलं का?" त्याला उत्तर कुणी द्यायचं हे ठरलेलं नव्हतं. मावशी ओट्यावरून म्हणायच्या, "गेलं रं बाबा, तू कवा जाणार घरी?"

त्या संगणकावर पत्र पाठवायचा एक प्रोग्रॅम होता. कुणाला पाठवायचं ते सांगायचं, विषय द्यायचा आणि मजकूर ओळीमागून ओळ टाइप करत जायचं. खोट एवढीच, की ओळ संपवून कळ दाबली की ती ओळ हातची गेली. मागे फिरून दुरुस्ती नाही. एक आकडा चुकला तरी पत्र पुन्हा पहिल्यापासून. काळूराम इंग्रजी अक्षर न् अक्षर लावत माहितीपुस्तिकेची पानं चाळत बसायचा. एके दिवशी एका शब्दावर बोट ठेवून त्यानं मला अर्थ विचारला. मी म्हणालो, "पसंतीचा." म्हणाला, "म्हंजी ज्याच्या त्याच्या हाताला बसंल त्यो?" त्या पानावर लिहिलं होतं, की आपल्या खात्यातल्या एका फाइलीत एक ओळ घातली तर पत्राचा प्रोग्रॅम आपल्या पसंतीचा एडिटर उघडून देतो. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा-खोडायचा वेगळा प्रोग्रॅम. त्यात पत्र निवांत लिहावं, चुका सुधाराव्यात, संपवलं की ते आपसूक पत्राच्या प्रोग्रॅमकडे परत येतं आणि रवाना होतं. आठवडाभर खटपट करून काळूरामनं ती ओळ बसवली. मुंबईहून पाहुणे आले की साहेब त्याला पुढे करायचे, "हे आमच्या काळूरामनं केलंय." मी पदवीधर, बाजूला उभा.

त्याच सुमारास मी त्याला गमतीनं विचारलं होतं, की एवढा काय जीव त्या एडिटरवर. तो म्हणाला, "भाऊ, आमच्या वाडीत कापणीला जो तो आपला इळा घिऊन येतो. दुसऱ्याच्या इळ्याला इचारल्याबिगर हात लावत न्हाईत. मूठ हाताला सवकलेली असती. बदलली की बोट जातं." मी हसलो. म्हणालो, "काळू, हे यंत्र आहे, भात नाही." तोही हसला. "तुमचं लय शिक्षण झालंय, तुमाला कुटलाबी इळा चालंल."

मग मला पंधरा दिवस मुंबईला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे दुसराच एक एडिटर वापरात होता, जास्त ताकदीचा. परत आलो तेव्हा कुणाला कधी दाखवतो असं झालेलं. कार्यालयाला खातं एकच होतं. त्यातल्या कुठल्याही व्यवस्थेत बदल करायचा तर साहेबांना विचारायचा नियम होता. गुरुवारी पाच वाजत आले असताना, काळूराम हात धुवायला गेलेला बघून, मी ती ओळ बदलली. त्याच्या एडिटरच्या जागी माझा. दोन्हींत मजकूर टाइप करायची पद्धत सारखीच होती आणि संपवायची खूणही. फरक इतकाच, की त्याच्या एडिटरमध्ये संपवलं की लिहिलेलं आपोआप जपून ठेवलं जाई. माझ्यात जपून ठेवण्याची आज्ञा आधी वेगळी द्यावी लागे. ती न देता संपवलं तर लिहिलेलं सगळं पुसलं जाई. सकाळी त्याला सांगू, जरा ऐटीत सांगू, असं माझ्या मनात होतं. शुक्रवारी सकाळी तो डोंगरावर मोजणीला गेलेला. आणि मला दुपारी उर्स्याला पोचायचं होतं, तिथे माझी सुपारी फुटायची होती. मी निघून गेलो.

त्या शुक्रवारी वरून निरोप आला. रोजंदारीवरच्या ज्या लोकांना कायम करायचं त्यांची नावं शनिवारी बारापर्यंत मुख्य कार्यालयाला कळली पाहिजेत, एकदाच संधी आहे. साहेबांनी दोन नावं लिहून दिली, काळूरामचं आणि ताराबाईंचं. पुढचं मला मावशींनी नंतर सांगितलं. काळूरामनं स्वतःचं नाव टाइप करायच्या आधी हात धुतले म्हणे. मावशींचं नाव पहिलं घातलं, आपलं दुसरं. नेहमीसारखं संपवलं. यंत्रानं नेहमीसारखी एक आखूड इंग्रजी ओळ खडखडवली. रोज त्या जागी 'पत्र पाठवलं' अशी ओळ यायची, म्हणून ती त्यानं वाचली नाही. पाच वाजले होते, लाइन सोडायची होती. त्यानं विचारलं, "गेलं का?" मावशी म्हणाल्या, "गेलं. आता पेढे आण."

शनिवारी सकाळी साडेआठला मी कार्यालयात पोचलो. कपाळावर अजून कुंकू होतं. यंत्रावर कालचा कागद तसाच होता. त्यावर यादी होती, दोन्ही नावं होती, आणि खाली ती ओळ. पत्र रिकामं आहे, पाठवलं नाही.

मला तिथेच सगळं समजलं. लाइन नव्हती, पण बारा वाजायला साडेतीन तास होते. साहेब मागच्याच खोलीत राहायचे. दार वाजवून एवढंच सांगायचं होतं, की माझ्या हातून असं झालं, मुंबईला ट्रंक कॉल लावा. दहा पावलं होती. मी ती मोजली आहेत. आयुष्यभर मोजतो आहे. मीही अजून परिविक्षेवर होतो, त्याच महिन्यात माझा शेरा जायचा होता, आणि आदल्या दिवशी उर्स्याच्या मंडळींसमोर माझ्या चुलत्यांनी सरकारी नोकरीची बढाई मारली होती... मी कागद गुंडाळीवरून फाडून घेतला, घडी करून खिशात घातला. बारा वाजले तेव्हा मी आकडे तपासत बसलो होतो. सोमवारी लाइन आल्याबरोबर काळूरामची ओळ जशीच्या तशी परत घातली आणि शुक्रवारचे न गेलेले आकडेही गुपचूप पाठवून दिले.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. आपल्याकडून यादी आली नाही, जागा भरल्या. साहेबांनी काळूरामला बोलावलं. तो म्हणाला, "म्या धाडलं साहेब. आईच्यान धाडलं." खात्यात पाठवलेल्या पत्रांच्या नकला राहत, त्यात त्या दिवसाचं पत्र नव्हतं. कागद मागितला तर तो सापडला नाही. एडिटरची ओळ होती तशीच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घाईत राहून गेलं असेल, साहेब." हे वाक्य कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

मावशी त्याला काही बोलल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. चहा मात्र त्यांनी त्याच्या हातात द्यायचं सोडलं, कप टेबलावर ठेवून जायच्या. वाडीत लोक म्हणत, याला स्वतःचं नाव धाडता आलं नाही, आणि त्या बाईचंही बुडवलं. महिन्याभरात त्यानं काम सोडलं. पुढे घाटातल्या पॉइंटवर करवंदं विकली, मग चिक्कीच्या कारखान्यात पाक हलवला, मग कुणाच्या बंगल्याची राखण केली. मी कायम झालो, बढती मिळाली, निवृत्त झालो. आमचं जाणंयेणं राहिलं. दर दिवाळीला तो आंबीला येई, डोंगरातलं काहीतरी घेऊन, आणि जाताना उंबऱ्यात थांबून एकदा तरी विचारी, "भाऊ, तुमी शिकलेलं. माजं नेमकं कुटं चुकलं?" मी म्हणायचो, "यंत्राचा काय भरवसा, काळू." तो मान हलवायचा. "न्हाई भाऊ. यंत्र न्हाई चुकत. माजीच बोटं." शेवटच्या भेटीतही हेच. मी त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो, सारा रस्ता तोंडात शब्द होता. बस आली, तो चढला.

फोननंतर चार दिवसांनी तो कागद घेऊन मी वाडीवर गेलो. शाई विटली आहे, पण ओळ वाचता येते. सुमनच्या हातात दिला आणि जे इथे लिहिलं ते सांगितलं. तिनं कागद वाचला, परत वाचला. विचारलं, "हा तुमच्याकडे कधीपासून आहे?" मी म्हणालो, त्या शनिवारपासून. "म्हणजे दिवाळीला बाबा यायचे, तेव्हाही घरातच होता?" मी हो म्हणालो. तिनं कागदाची घडी, मी घातली होती तशीच, पुन्हा घातली आणि म्हणाली, "मावशींना काय सांगायचं मग?" ताराबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. ते तिलाही ठाऊक आहे.

मी उठलो. चपला घालायला भिंतीला हात टेकला. तिथे खुंटीला त्याचा विळा होता, मूठ झिजून काळी झालेली, त्याच्या बोटांच्या खाचा पडलेली. माझा हात आपोआप तिकडे गेला.

"काका," सुमन हळूच म्हणाली, "त्याला हात नका लावू. तो बाबांचा आहे."