चार बोटांची पट्टी

जालना जिल्हा वेगळा झाला त्याच साली माझं लग्न झालं. तिकडे जालन्यात साहेब लोकांचे सत्कार चालले होते आणि इकडे मी भोकरदन तालुक्यातल्या एका तळ्याकाठच्या गावात सासूपुढे बसून जाळं विणायला शिकत होते. आम्ही भोई. पुरुषांनी मासे धरायचे, बायकांनी जाळी विणायची आणि आठवडी बाजारात मासळी विकायची, अशी आमच्या घरात वाटणी होती. सासूला माझ्या हातचा स्वयंपाक कधी आवडला नाही, पण माझी गाठ आवडायची. "हिची गाठ सरकत न्हाई," असं ती शेजारणींना सांगायची. मला मात्र तोंडावर कधी बोलली नाही. मी दाराआडून ऐकून घ्यायचे आणि दिवसभर खूश असायचे.

जाळं विणायला एक लाकडी पट्टी लागते. तिच्याभोवती धागा फिरवायचा आणि गाठ मारायची. पट्टी जेवढी रुंद, तेवढं जाळ्याचं भोक मोठं. माप बोटांचं असायचं. मोठ्या जाळ्याच्या भोकात चार बोटं बसायला हवीत असं सगळे म्हणायचे, पण कुणाची चार बोटं हे कुणी विचारलं नव्हतं. ज्या त्या घरची पट्टी त्या घरच्या म्हातारीच्या बोटांवरून केलेली. सासू गेल्यावर आमची पट्टी माझ्याकडे आली आणि बघता बघता निम्मं गाव माझ्याकडून जाळी विणून न्यायला लागलं. गावात मी जाळंवाली झाले. एवढीच माझी मोठेपणाची जागा होती, आणि ती मला फार प्रिय होती.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. अंबडच्या बाजूची, गोदावरीकाठची. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत गुंडाळून तिनं आईची पट्टी आणली होती. बाभळीची, वापरून वापरून काळी झालेली. आमच्या पट्टीपेक्षा ती रुंद होती हे मी पहिल्याच दिवशी नजरेनं मोजलं. जाऊ बोलता बोलता विणायची. मला विणताना तोंड उघडता येत नाही, लगेच गाठ चुकते. ती मात्र शेजारणींशी हसत, पोळ्या कशा करायच्या ते सांगत वीतभर जाळं पुढे न्यायची. वर्षभरात बायका दारात आल्या की आधी तिचं नाव घ्यायला लागल्या. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे. मीठ दे, दार लाव, बस.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. भांडून मोकळी झाले असते. पण ती मला "जाऊबाई" म्हणून पहिला चहा देणार, बाजारात माझी पाटी आधी उचलणार. माणसानं रागवायचं तरी कशावर?

त्या काळात पावसाचं काही खरं राहिलं नव्हतं. पूर्वी तळ्यात आखाजीपर्यंत, ऐन उन्हाळ्यातसुद्धा पाणी असायचं, आता होळीलाच काठावर चिखल दिसायचा. पावसाळ्यात सोडलेलं रोहू-कटला माशांचं बोटाएवढं बीज वाढून मोठं व्हायच्या आत आम्हीच ते बारीक जाळ्यांनी ओढून बाजारात नेत होतो. मच्छीमार संस्थेच्या खोलीपुढे एकदा जालन्याहून मत्स्यखात्याचे साहेब आले. सगळ्यांना बसवून म्हणाले, "पाऊस दगा देणार, हे धरूनच चाला. लहान मासळी जाळ्यातून सुटू द्या. पाणी आटलं की ती बांधाच्या मोरीजवळच्या डोहात जमेल. डोहात कुणी जाळं टाकायचं नाही. एखाद्या साली पाऊस आला नाही, तळ्यात बीज सोडता आलं नाही, तर त्या डोहातल्या मासळीवर तुमची चूल पेटेल."

मग त्यांनी सगळ्या घरांच्या पट्ट्या मागवल्या आणि खिशातली फूटपट्टी काढून एकेक मोजली. आमची पट्टी त्यांनी दोनदा मोजली आणि बाजूला ठेवली. जावेची हातात घेतली आणि म्हणाले, "ही बराबर आहे. आता हीच गावाची पट्टी. सगळ्यांनी हिच्यावरून आपली करून घ्या, आणि पावसाळ्याच्या आत नवी जाळी विणा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्यानंही वाजवल्या. सासूची पट्टी मी पदराखाली घेऊन घरी आले.

जावेला तेव्हा सातवा महिना होता. दोन दिवसांनी ती बाळंतपणाला माहेरी निघाली. जाण्याआधी पट्टी संस्थेच्या खोलीत खिळ्याला अडकवून जाणार होती. मी अंगणातूनच म्हटलं, "दे इकडं. तेल लावून मी अडकवते. कोरडी पडली तर धागा अडकतो."

तिनं लगेच दिली. तिचा चेहरा उजळला होता, ते मी पाहिलं होतं. पण मला वाटलं, गावानं मान दिला म्हणून उजळलाय.

दुपारी घरात कुणी नव्हतं. फुटक्या बाटलीची काच घेऊन मी पट्टीची एक कड खरवडली, मग दुसरी. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी. मनात एवढंच होतं की साहेब पुढच्या खेपेला मोजतील, पट्टी कमी भरेल आणि सगळ्यांदेखत तिची मान खाली जाईल. तळ्याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. वरून गोडं तेल चोळलं आणि पट्टी खिळ्याला अडकवली. आठवडाभरात साऱ्या गावानं तिच्यावरून आपापल्या पट्ट्या केल्या. पूर्वी प्रत्येक घर आपल्या बोटांवर तरी ताडून बघायचं. आता साहेबांनी मोजलेली पट्टी म्हटल्यावर कुणी बोट लावायलाही तयार नव्हतं. एकट्या जावेसाठी केलेली खोडी वीस जाळ्यांत विणली गेली.

आणि झालं काय, तर त्या हिवाळ्यात मासळी भरपूर लागली. सुटून जायची ती लहान मासळी जाळ्यात अडकत होती ना. लोक मात्र म्हणायला लागले, "गोदावरीच्या पट्टीला बरकत आहे." तान्ही मुलगी घेऊन जाऊ परत आली तेव्हा बायकांनी तिची वेशीतच ओटी भरली. माझा तिळपापड झाला. मी तिला खाली पाडायला गेले आणि माझ्याच हातानं तिला आणखी वर चढवून बसले होते.

तरी तिला शंका आली होती. एका सकाळी वाळत घातलेल्या जाळ्यात बोटं घालून ती म्हणाली, "जाऊबाई, जाळं जरा बारीक वाटून राह्यलं."

"नवा धागा आटतो," मी म्हटलं. "दोन पाण्यांनी सैल होईल."

"व्हय का," म्हणाली आणि मुलगी रडली म्हणून आत गेली. तेव्हा बोलले असते तर निम्मी मासळी वाचली असती. मी मुकाट्यानं जाळं गुंडाळून ठेवलं.

पुढच्या साली पावसानं खरोखरच दगा दिला. तळ्यात बीज सोडण्याएवढं पाणीच आलं नाही. गाव तरी निर्धास्त होतं, डोह आहे म्हणून. डोहात कुणी जाळं टाकलं नव्हतं, एवढं सगळ्यांनी इमानानं पाळलं होतं. दिवाळीआधी सगळे मिळून डोहावर गेलो. आम्ही बायकासुद्धा पाट्या घेऊन गेलो होतो. जाळं ओढलं, तर गाळ, शिंपले, मूठभर झिंगे आणि दोन मरळ. पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं. मग माझ्या नवऱ्यानं जाळं खांद्यावरून खाली ठेवलं आणि घराकडे चालायला लागला. डोहात यायलाच मासळी उरली नव्हती. ती आम्ही आदल्या हिवाळ्यातच खाल्ली आणि विकली होती.

साहेब आले. जाळ्यांना फूटपट्टी लावली, मग खिळ्यावरची पट्टी काढून मोजली. बराच वेळ तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "ही कुणीतरी खरवडलीय," ते म्हणाले. "कुणाच्या हातात होती?"

पट्टी मी नेली होती हे ठाऊक असलेली एकच बाई तिथे बसली होती, मुलीला मांडीवर घेऊन.

जाऊ उठली. तिनं पट्टी हातात घेऊन पाहिली, मग एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्या घासल्ती," ती म्हणाली. "कडेला कूस निघाल्ती, धागा अडकून राह्यला होता. माप जाईल हे ध्यानात आलं न्हाई."

त्यानंतर लोकांनी तिला जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. ओटी भरणाऱ्या बायकांनीच जास्त ऐकवलं. ती मान खाली घालून मुलीचं अंगडं नीट करत राहिली. मी तोंड उघडलं नाही. दिवाळी झाली तशी दोघे भाऊ इतरांबरोबर ऊसतोडीला गेले आणि घरात आम्ही दोघी आणि तिची मुलगी उरलो. गावातल्या बायका जाळी उसवून पुन्हा विणायला माझ्याकडे येऊ लागल्या. ज्याच्यासाठी सगळं केलं, ते मला मिळालं होतं. दारात आलेल्या बाईला मी "बस" म्हणायचे आणि तिच्याकडे बघता यायचं नाही.

एका दुपारी जाऊ ज्वारी पाखडत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

तिनं सूप थांबवलं नाही. "तुम्ही त्या दिवशी पट्टी मागितली ना," ती म्हणाली, "तवा मला लई बरं वाटल्तं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी आपणहून बोलल्त्या. माहेरी गेल्यावर आईला म्या तेच सांगितलं, का जाऊबाई आता बोलाया लागल्या. मंग तिथं सगळ्यांपुढं नाव कसं घेऊ?"

खरं सांगायचं तर तेव्हाही आधी मला तिचा हेवाच वाटला. लाज नंतर आली. ती अजून गेलेली नाही.