एका घराची एक फाइल

आमच्या घरात कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे मॅडमनी प्रकल्पासाठी माझं नाव घेतलं तेव्हा फार अभिमान वाटला होता. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात बसायचं आणि ताप, खोकला, कंबरदुखी अशा साध्या तक्रारींसाठी येणाऱ्यांपैकी किती जणांना शरीरसंबंधातून होणारा संसर्ग आहे, ते तपासायचं. संमतीची सही घ्यायची, लघवीसाठी बाटली द्यायची. लोक अंगावर यायचे. एका गृहस्थांनी विचारलं, "असलं इचारायला आई-बानं शाळंत घातलं व्हय तुला?" बाटली बाकावर आपटून ते निघून गेले.

एक बाई मात्र थांबली. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, पित्तासाठी आली होती. कुणाला कळणार नाही ना, असं तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले.

तिच्या तपासणीत संसर्ग निघाला. निकालाची चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्यायची होती. ते जेवायला गेले होते, म्हणून मी ती फाइलीत ठेवली. त्या दवाखान्यात एका घराची एकच फाइल असते, कर्त्या पुरुषाच्या नावानं. मला ते माहीत होतं. पण आमच्याकडेही सगळ्यांचे कागद एकाच पिशवीत असतात, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलंच नाही.

संध्याकाळी तिची सासू रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आली. कंपाउंडरनं फाइल तिच्या हातात दिली. तिनं चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. "वाच की, शिकल्यालीस न्हवं?" मी अडखळले. सुनेला पाठवा, डॉक्टर सांगतील, एवढंच म्हणाले. ती तशीच शेजारच्या औषधाच्या दुकानात गेली आणि तिथल्या माणसाकडून चिठ्ठी वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको आले. गोळ्या दोघांनीही घ्यायला हव्यात, नाहीतर पुन्हा होईल, असं डॉक्टर आत समजावत होते. रोग हिचा, मी कशाला खाऊ, असं ओरडतच नवरा बाहेर आला. "तूच न्हवं ती?" असं मला म्हणाला आणि गाडी काढून एकटाच गेला.

ती मागाहून आली. माझं चुकलं, माफ करा, असं मी कसंबसं म्हणाले.

"माफी घरला येऊन माग. सासूला सांग, ह्यो रोग तुमच्या पोराकडनं आलाय म्हणून."

कुणाकडून कुणाला झाला, ते तपासणीत कळत नाही, असं मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मला कळतंय की. मी दुसऱ्या कुणाकडं बघितल्यालं बी न्हाय. तू येतीस का न्हाय, तेवढं सांग."

परीक्षा जवळ आलीय, असं काहीतरी मी बोलले. तिनं दोघांच्याही गोळ्या पिशवीत टाकल्या आणि शिवाजी पेठेत जाणारी रिक्षा थांबवली.

परीक्षा संपली, तरी मी गेले नाही.