समोर आयाबाया बसतात

घटस्थापनेआधीच्या रविवारी इचोड्यात आमच्या दुर्गा मंडळाची मीटिंग होती. कार्यक्रमांची वही माझ्याकडे असते. निघताना सहज चाळली... आणि एका पानावर अडकलो.

गेल्या वर्षी दोन विनोदी कलाकार आले होते. एक आमच्याकडचा सेलिब्रिटी, रील्समुळे गावोगाव ओळखला जाणारा. दुसऱ्या, तामसी गावच्या वर्षाताई, एरवी शिलाईकाम करणाऱ्या.

त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'लोक पोट धरून हसले. पुन्हा बोलवावे.' वर्षाताईंच्या नावापुढे, 'जीभ सैल. समोर आयाबाया बसतात. पुन्हा नको.'

अक्षर माझंच. त्याच सुमारास एका सिनेनटाने नायिकेबद्दल काढलेल्या उद्गारांवर मी इथं भलीमोठी पोस्ट टाकली होती... तुम्ही कौतुकही केलं होतं.

मीटिंगमध्ये यंदाही त्यालाच बोलवायचं ठरत आलं होतं. मी वर्षाताईंचं नाव घेतलं, तर अध्यक्ष दत्तूभाऊ म्हणाले, नको, ती बाई नवऱ्यावर काहीही बोलते.

वहीत विनोदसुद्धा टिपून ठेवायची माझी खोड आहे. नावं न सांगता दोघांचा एकेक वाचला.

"बायकोले मोबाइल घेऊन देल्ला, तवापासून आमच्या घरी भाजी व्हिडिओतच शिजते."

"नवऱ्याले मोबाइल घेऊन देल्ला, तवापासून आमचं वावर व्हिडिओतच नांगरल्या जाते."

दुसऱ्याला जास्त हसले. दत्तूभाऊ तर डोळे पुसत होते. मग कोणता कोणाचा, ते सांगितलं... आणि आयाबाया दोन्ही वेळेस समोरच होत्या, याचीही आठवण दिली.

दत्तूभाऊंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग सर, तुमीच काऊन तिचं नाव काटलं होतं?"

चुकलो, एवढंच म्हणालो.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या शांतावहिनी, दत्तूभाऊंच्या पत्नी, दारातच थांबल्या. "आमाले इचारलं काय कोनं? आमी तं तिलेच जास्त हासलो होतो."

मग अष्टमीचा पूर्ण कार्यक्रम वर्षाताईंना द्यायचं ठरलं.

फोन मीच केला. आधी वहीतलं ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं, मग माफी मागितली. त्या म्हणाल्या, "येतो ना. पन तुमी बी समोर बसा."

काल अष्टमी झाली. सतरंजीवर पहिल्या रांगेत, आयाबायांच्या शेजारी बसलो. पहिलाच विनोद माझ्यावर.

"आमच्या सरायले लय काम हाय. सालभर पोरायच्या वह्या तपासतेत, अन् दसऱ्याले बायायची जीभ."

मांडव हसून हसून लोटपोट. माझी बायको सगळ्यात जोरात. शेवटी बायका उठायलाच तयार नव्हत्या, वर्षाताईंना आणखी तीन किस्से सांगावे लागले.

आज वहीत त्यांच्या नावापुढचं जुनं वाक्य तसंच ठेवलंय... खोडलं असतं तर सोपं झालं असतं. त्याखाली लिहिलं, 'पुढच्या वर्षी नक्की. आयाबायांना विचारून.'